ज्या हातानें फळ धरलें

वाचकहो, एखाद्याच्या हातून आपणांस मोठें हित प्राप्त झालें, तर त्याचें ऋण कशानें फिटतें? चार लोकांत त्याचें नांव घेतल्यानें फिटतें, किंवा त्याच्या पदरीं कांहीं पडल्यावांचून फिटत नाहीं? हा प्रश्न ऐकावयास सोपा, पण आचरणांत फार अवघड आहे. आपल्या खेड्यापाड्यांत असे पुष्कळ हात आहेत कीं, ज्यांच्यावांचून पेरणी होत नाहीं, विहीर खणली जात नाहीं, बाळंतीण सुखरूप सुटत नाहीं. आणि काम झाल्यावर "बरें झालें" एवढा शब्द ऐकून ते हात रिकामे घरीं जातात. ह्या प्रश्नाचा विचार करण्यास एका वेलीची व एका मुलाची हकीकत फार उपयोगी पडेल. ती खरी घडलेली आहे, म्हणून ती येथें थोडी विस्तारानें सांगतों.

व्हॅनिला हें नांव बहुतेकांनीं आइसक्रीम, बिस्किटें व केक यांच्या संबंधानें ऐकलें असेल. पण तो सुवास मुळांत एका वेलीच्या शेंगेचा आहे, हें थोड्यांस ठाऊक असतें. बाजारांत मिळणारा पुष्कळसा सुवास आज कारखान्यांत रसायनांपासून केलेला असतो. खरा व्हॅनिला मात्र वेलीवरच होतो, आणि मसाल्याच्या पदार्थांत केशराच्या खालोखाल त्याचीच किंमत. ही वेल आमरीच्या, म्हणजे ऑर्किडच्या, कुळांतली असून मूळची मेक्सिको व मध्य अमेरिका येथील दमट रानांतली आहे. मेक्सिकोच्या पूर्व किनाऱ्याकडील टोटोनाक लोक तिच्या शेंगेचा उपयोग फार पूर्वीपासून करीत आले.

कोंकणांतील ज्या बागाइतदारानें पोफळीवर मिरवेल चढविली आहे, त्यास हिची जोपासना अगदींच परकी वाटणार नाहीं. बीं पेरून ही वेल लावीत नाहींत. जून वेलीचा दोन-तीन हात लांबीचा तुकडा आधाराच्या झाडापाशीं लावितात. तिला ऊब पाहिजे, दमट हवा पाहिजे, पण ऊन अर्धेंच पाहिजे. भर उन्हांत पानें करपतात, आणि फार दाट सावलींत वेल वाढते पण फुलत नाहीं. तिचीं मुळें जमिनींत खोल जात नाहींत, वरच्या पालापाचोळ्यांतच पसरतात. म्हणून बुडाशीं कुदळ चालवूं नये, कुजका पाला वरचेवर घालीत जावा, आणि पाणी सांचूं देऊं नये, कारण सांचलेल्या पाण्यानें मूळ कुजून वेल उभी वाळते. रानांत ती झाडाच्या शेंड्यापर्यंत चढते. बागेंत मात्र तिला आधारावरून वळवून पुन्हां खालीं सोडतात. अशा लोंबत्या वेलीवर फुलें अधिक येतात, हा एक लाभ. आणि माणसाचा हात तेथवर पोंचतो, हा दुसरा. हात पोंचणें कां अवश्य आहे, तें आतां पाहूं.

लावल्यापासून तिसऱ्या वर्षाच्या सुमारास वेलीवर फिकट पिवळसर-हिरव्या फुलांचे घोस येतात. एका घोसांत पंधरा-वीस कळ्या असतात, पण त्या एकदम उमलत नाहींत. रोज एक, फार तर दोन-तीन. फूल पहाटे उमलतें आणि दुपारपर्यंत मिटूं लागतें. तेवढ्या अवधींत पराग योग्य ठिकाणीं पोंचला तर शेंग धरते. न पोंचला तर फूल गळून पडतें, आणि त्या फुलाची संधि कायमची गेली. परागाच्या व त्याच्या ठिकाणाच्या मध्यें एक पातळ पडदा असतो, त्यामुळें फूल आपलें आपण सहसा फळत नाहीं. मेक्सिकोच्या रानांत तेथील रानमाशा हें काम करतात, आणि तेंहि थोड्याच फुलांचें. दुसऱ्या देशांत त्या माशा नाहींत. म्हणून युरोपीय लोकांनीं ही वेल जेथें जेथें नेली, तेथें तेथें ती वाढली, हिरवीगार झाली, पण फळली नाहीं.

हिंदी महासागरांत, मादागास्करच्या पूर्वेस, रेयुनियों नांवाचें फ्रेंचांचें बेट आहे. पूर्वीं त्यास बूर्बों म्हणत. 1820 च्या सुमारास तेथें व्हॅनिलाच्या वेली नेण्यांत आल्या, पण वीस वर्षें लोटलीं तरी त्यांपासून कांहींच उत्पन्न निघालें नाहीं. मध्यंतरीं 1836 सालीं बेल्जममधील लिएज शहरीं शार्ल मोरेन नांवाच्या वनस्पतिशास्त्रज्ञानें काचगृहांतल्या वेलीवर हातानें पराग पोंचवून शेंगा धरविल्या. परंतु त्याची रीत मळेवाल्यांच्या कामीं पडली नाहीं.

ह्याच बेटावर सेंत सुझान येथें 1829 सालीं एक मुलगा गुलामगिरींत जन्मला. त्याला जन्म देतांनाच त्याची आई मरण पावली. गुलामास आडनांव नसे, म्हणून त्याचें नांव नुसतें एदमों. फेरेओल बेलिये-बोमों नांवाच्या मळेवाल्याकडे तो वाढला. ह्या मालकास झाडांचा मोठा नाद होता. तो मुलाला बरोबर घेऊन बागेंत हिंडे. आणि भोपळ्याच्या जातीच्या एका वेलीवर नरफुलाचा पराग मादीफुलास कसा लावावा, हेंहि त्यानें त्यास दाखविलें होतें. अक्षरओळख मात्र मुलाला कधीं झाली नाहीं.

1841 सालीं एके दिवशीं मालक व मुलगा बागेंत फिरत असतां, जी वेल इतकीं वर्षें निष्फळ होती तिच्यावर मालकास शेंगा धरलेल्या दिसल्या. हें मीं केलें, असें मुलानें सांगितलें. मालकाचा प्रथम विश्वास बसेना. पुढें त्यानें मुलाला आपल्या डोळ्यांदेखत तें करून दाखवावयास लाविलें. मुलानें फुलाची ओठासारखी पाकळी बाजूस केली, बारीक काडीनें आंतला पडदा उचलला, आणि अंगठ्यानें हलकेंच दाबून पराग त्याच्या ठिकाणीं बसविला. सारें काम क्षणभराचें! जें मोठमोठ्या मळेवाल्यांस वीस वर्षांत साधलें नाहीं, तें बारा वर्षांच्या एका निरक्षर गुलाम मुलानें नीट पाहून व विचार करून साधलें.

मग त्याला मळ्यामळ्यांवर पाठविण्यांत आलें, आणि तेथील गुलामांस त्यानें ही रीत शिकविली. 1848 सालीं त्या बेटावरून फ्रान्सला सुमारें 50 किलो व्हॅनिला गेला. 1898 सालीं सुमारें 200 टन गेला. तेथून ही रीत मादागास्करांत गेली, आणि आज जगांतील बहुतेक खरा व्हॅनिला तेथूनच येतो. व्यापारासाठीं जेथें व्हॅनिला पिकतो, तेथें आजहि प्रत्येक फूल हातानेंच फळवावें लागतें, आणि तें एदमोंच्याच रीतीनें. आपल्या देशांत केरळ व कर्नाटक येथें ज्यांनीं ही वेल लाविली, त्यांनीं सकाळीं वेलीपुढें उभें राहून जें केलें, तें त्या मुलानेंच जगाला दिलेलें आहे.

आतां त्या मुलाचें पुढें काय झालें तें ऐका. 1848 सालीं फ्रेंच वसाहतींतील गुलामगिरी बंद झाली, आणि तो मोकळा झाला. त्या वेळीं त्यास अल्बियुस असें आडनांव मिळालें. लॅटिन भाषेंत 'पांढरा' या अर्थाचा जो शब्द आहे, त्याशीं तें जुळतें. एका काळ्या मनुष्यास हें नांव देणाऱ्याच्या मनांत काय असेल तें असो! तो शहरांत गेला, तेथें एका घरीं स्वयंपाकघरांत कामास राहिला, आणि चोरीच्या आरोपावरून त्यास सक्तमजुरीची शिक्षा झाली. ह्या मनुष्याचे बेटावर मोठे उपकार आहेत, तरी त्यास दया दाखवावी, अशी विनंती झाल्यावरून तो मुदतीपूर्वीं सुटला. पुढें तो आपल्या गांवाकडे परतला, आणि 1880 सालीं सेंत सुझान येथील इस्पितळांत दारिद्र्यांत मरण पावला. तोंपर्यंत व्हॅनिलानें मळेवाले, व्यापारी व दलाल गबर झाले होते. आज त्या गांवीं त्याचें स्मारक उभें आहे.

येथें मालकाविषयीं एक गोष्ट न सांगणें अन्यायाचें होईल. पुढें रिशार नांवाच्या एका वनस्पतिशास्त्रज्ञानें असा दावा केला कीं, ही रीत मूळ आपली, आपण ती बेटावर दाखविली होती, आणि मुलानें ती पाहून उचलली असेल. तेव्हां बेलिये-बोमों यानें स्पष्टपणें लिहून कळविलें कीं, ही रीत एदमोंनेंच शोधिली. गोऱ्या विद्वानाविरुद्ध काळ्या गुलामाची बाजू घेणें त्या काळीं सोपें नव्हतें. आज आपणांस त्या मुलाचें नांव ठाऊक आहे, तें ह्या सत्य बोलण्यामुळें. एवढ्यासाठीं त्या मालकास मान दिला पाहिजे.

पण ह्याच ठिकाणीं आमचा प्रश्न उभा राहतो. मालकानें नांव राखलें. तेवढ्यानें ऋण फिटलें काय? 1841 सालीं ज्याच्या बुद्धीचें कौतुक झालें, तो 1848 साल उजाडेपर्यंत गुलामच होता. कौतुक करणाऱ्याच्या घरीं शेंगांचा पैसा येत होता, आणि ज्याचें कौतुक होत होतें त्याची मालमत्तेंत गणना होत होती. ह्यावर कोणी कोणी निरनिराळ्या सबबी सांगतात. त्या आपणहि रोजच्या व्यवहारांत सांगतों, म्हणून त्यांचा एकेक विचार करूं.

पहिली सबब अशी कीं, त्या मुलास शिकविलें कोणी? मालकानें बागेंत नेलें नसतें, भोपळ्याचें फूल दाखविलें नसतें, तर त्याला हें कोठून सुचतें? शिवाय मोरेननें पांच वर्षें आधीं हेंच केलें होतें. हें खरें आहे. कोणतेंहि ज्ञान एकट्याचें नसतें. त्यास पुष्कळांचे हात लागलेले असतात. पण ह्यावरून निष्कर्ष काय निघतो? सर्वांचे हिस्से मान्य करावे, हा निघतो. सर्वांत दुबळा जो असेल त्याचाच हिस्सा बुडवावा, हा निघत नाहीं. अनेकांनीं मिळून विहीर खणली, म्हणून ज्यानें शेवटची पहार मारून पाणी काढलें त्याची मजुरी कापावी, असा हिशेब कोणी करीत नाहीं.

दुसरी सबब अशी कीं, त्याला स्वातंत्र्य मिळालें, याहून मोठें बक्षीस कोणतें? पण विचार करा. स्वातंत्र्य तर त्याचें जन्मतःच होतें. तें हिरावून घेतलें होतें. ज्याचें होतें त्यास परत देणें, ह्यास बक्षीस म्हणत नाहींत. आणि ज्यास जमीन नाहीं, अक्षर नाहीं, हातीं चार पैसे नाहींत, त्याला केवळ "जा, तूं मोकळा आहेस" असें म्हणणें, म्हणजे वेलीचा आधार काढून घेऊन तिला "आतां हवी तिकडे वाढ" असें सांगण्यासारखें आहे.

तिसरी सबब अशी कीं, त्यानें चोरी केली. अशा मनुष्याचें काय देणें लागतों? ही सबब फार प्रचारांत आहे. मजुरानें एकदां दारू प्यालेली दिसली कीं, त्याची महिन्याची मजुरी अडकवून ठेवण्यास लोकांस जणूं धर्मच सांपडतो! परंतु अपराधाचा हिशेब वेगळा आणि देण्याचा हिशेब वेगळा. एदमोंनें चोरीबद्दल शिक्षा भोगली. बेटानें त्याचें जें देणें बुडविलें, त्याबद्दल मात्र कोणीच शिक्षा भोगली नाहीं. दुसऱ्याचा दोष हा आपल्या कर्जाची पावती होऊं शकत नाहीं.

चौथी सबब सर्वांत गोड आहे. ती अशी कीं, ज्ञान हें वाऱ्यासारखें, त्याचें मोल कोण करणार? त्या मुलानें प्रत्येक फुलामागें पैसा मागावा काय? नाहीं, मागूं नये, आणि त्यानें मागितलाहि नाहीं. पण नवल हें कीं, ज्यांनीं त्या हाताचें मोल होत नाहीं असें मानलें, ते शेंगांचें मोल फार बारीक काट्यावर करीत होते! पिकलेली शेंग गरम पाण्यांत बुडवावी, घोंगडींत गुंडाळून ऊब द्यावी, उन्हांत व मग सावलींत वाळवावी, पेटींत महिनोंमहिने मुरवावी, तेव्हां पांच-सहा किलो हिरव्या शेंगांचा एक किलो माल होतो. त्यांतल्या तोळ्यामाशाचा हिशेब राहतो. जेथें फळाचें वजन इतकें काळजीनें होतें, तेथें हाताचें वजन करतां येत नाहीं असें म्हणणें हा अज्ञानाचा दोष नव्हे, इच्छेचा दोष होय.

तर मग उत्तर काय? आमच्या मतें असें कीं, उपकार करणाऱ्याचें नांव सत्यानें सांगणें हा ऋणाचा पहिला हप्ता आहे, पण शेवटचा नव्हे. नांव न सांगतां पैसा देणें ही भीक होते. पैसा न देतां नुसतें नांव सांगणें ही फसवणूक होते. दोन्ही मिळून न्याय होतो. आणि त्यास तिसरी गोष्ट जोडली पाहिजे, ती म्हणजे वेळ. स्मारकाचा दगड मेलेल्याची भूक भागवीत नाहीं. व्हॅनिलाचें फूल जसें सकाळीं उमलतें व दुपारीं मिटतें, तशीच देणें देण्याचीहि एक वेळ असते. ती टळली कीं मग कितीहि हात जोडले, कितीहि भाषणें केलीं, तरी त्या फुलास शेंग धरत नाहीं.

वेलीच्या जोपासनेंतहि हाच नियम दिसतो. घोसांत पंधरा-वीस फुलें असलीं तरी जाणता बागवान त्यांतलीं आठ-दहाच फळवितो व बाकीचीं सोडून देतो. लोभी मनुष्य सर्व फुलें फळवितो. त्या वर्षीं त्याच्या घरीं शेंगा फार येतात, पण त्या बारीक राहतात, आणि वेल थकून रोगास बळी पडते. जिच्यापासून घ्यावयाचें तिला उभी राहण्यापुरतें बळ ठेवावें, हा वेल राखण्याचा नियम आहे. मग वेलीविषयीं जें आपण समजतों, तें वेलीपुढें उभ्या असलेल्या मनुष्याविषयीं कां समजूं नये? रेयुनियों बेटावर फुलें फळविणाऱ्या बायकांस 'लग्न लावणाऱ्या' अशा अर्थाचें नांव आहे. अशी कुशल स्त्री एका दिवसांत हजारावर फुलें हाताळते. तिच्या नखाएवढ्या कामावर साऱ्या जगाचा व्यापार उभा आहे. 2003 च्या सुमारास भाव आकाशास भिडले, तेव्हां आपल्या दक्षिणेकडील पुष्कळ शेतकऱ्यांनीं घाईनें ही वेल लाविली. दोन-तीन वर्षांत भाव कोसळले, आणि कित्येकांनीं ती उपटून टाकिली. भावाकडे पाहून लावलेली वेल भावाबरोबर जाते. हात मात्र दोन्ही वेळां राबलेला असतो.

वाचकहो, "आम्ही गरीब, आम्ही कोणाचें देणें बुडविणार?" असें म्हणून ही हकीकत दूरच्या बेटावर ठेवूं नका. गरिबाच्याहि घरीं एदमों असतो. शेत नवऱ्याच्या नांवावर असतें, पण निंदणी, कापणी व मळणी यांत कंबर मोडते बायकोची; पीक विकल्यावर पैशाचा विचार करतांना तिला विचारतो कोण? बी कोणतें राखावें हें म्हाताऱ्या आईस कळतें. त्या बियाणाची कीर्ति होते मुलाची. शेजाऱ्यानें पंपाची एक युक्ति सांगितली, तिनें आपलें पाणी वाचलें; पण पुढें ती आपलीच युक्ति म्हणून आपण दहा जणांस सांगितली. शाळेंतल्या पोरानें हिशेबांतली चूक दाखविली, तर "लहान तोंडीं मोठा घास" म्हणून त्यास गप्प केलें, आणि मागाहून चूक मात्र गुपचूप दुरुस्त केली. ह्या सर्व ठिकाणीं आपण मळेवाले आहों, आणि आपल्या पुढ्यांत कोणाच्या तरी हातानें धरलेलें फळ आहे.

तेव्हां ह्या आठवड्यांत एवढें करा. आपल्या घरीं, शेतांत किंवा कामावर कोणाच्या हातानें कोणतें फळ धरलें, तें शांतपणें आठवा. त्याचें नांव चार लोकांत स्पष्ट घ्या. त्याचें कांहीं देणें असेल, तर तें मोजून त्याच्या हातांत द्या. पैशाचें नसेल, तर निर्णयांत त्यास जागा द्या. आणि हें पुढच्या सुगीवर ढकलूं नका. सेंत सुझानच्या लोकांस एदमोंचें ऋण मान्य नव्हतें असें नाहीं. त्यांनीं तें उद्यांवर ठेविलें, आणि उद्यां आला तेव्हां एदमों नव्हता.